किल्ली आधी परत द्या

अटलांटाहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, गणितात उत्तम. दर शनिवारी ती मैत्रिणीबरोबर कृष्णवर्णीयांच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाते. तिथे मतदार नोंदणी, भाडेकरूंचे हक्क, रक्तदाब, गुलामगिरीचा इतिहास असे वर्ग चालतात. आता तिला कॉम्प्युटर सायन्सऐवजी सोशल वर्क शिकायचंय. ‘आमच्या घरात फुले-आंबेडकर वाचले जातात, पण पोरगी चर्चमध्ये जाते हे मंडळात कसं सांगू?’ असं ते विचारतात.

तुमच्या पत्रात मंडळातले लोक चार वेळा येतात. मुलीचं स्वतःचं म्हणणं एकदाही येत नाही. तिच्या गुणांची मला काळजी नाही, याची आहे. शनिवारी ती जाऊ नये म्हणून गाडीची किल्ली काढून घेतल्याचंही तुम्हीच लिहिलंय. ती आधी परत द्या.

चर्चमध्ये गेली म्हणजे धर्म बदलणार, ही भीती तुम्ही इथून सोबत नेलीत. तिथला इतिहास वेगळा आहे. गृहयुद्धाआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. मुक्ती मिळाली तेव्हा या समाजाकडे हक्काची वास्तू म्हणजे बहुधा चर्चच, म्हणून शाळा तिथे भरल्या. तुमच्या शहरातलं स्पेलमन कॉलेज 1881 मध्ये फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात 11 विद्यार्थिनींवर सुरू झालं. 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात नागरी हक्क चळवळीच्या 40 हून जास्त ‘फ्रीडम स्कूल्स’ (कृष्णवर्णीयांसाठीच्या मोफत शाळा) भरल्या, त्यातल्या कितीतरी चर्चमध्ये. नेशोबा परगण्यातलं माउंट झायन चर्च तर अशी शाळा भरवायला तयार झालं म्हणून जाळलं गेलं. तुमची लेक शनिवारी या परंपरेत जाऊन बसते. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केलं. त्या मुक्त झालेल्यांच्या वंशजांशेजारी तुमची मुलगी बसते, हे मंडळात बेलाशक सांगा.

वाटा सरळ आहेत: चार वर्षांची पदवी, साधारण दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स, मग राज्याचं लायसन्स. पगार सॉफ्टवेअरपेक्षा बराच कमी. ते आकडे तिच्यासमोर ठेवा, पण धाक म्हणून नको.

मुलीलाही एक सांगायचंय. तिथे ‘मदत करायला’ जात असशील तर थांब. सेप्टिमा क्लार्क या साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या कृष्णवर्णीय शिक्षिका; नागरी हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं नाही म्हणून 1956 मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी जवळच्या जॉन्स आयलंड या बेटावर प्रौढांना मतदार नोंदणीपुरतं लिहायला-वाचायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. त्यासाठी त्यांनी निवडल्या बर्निस रॉबिन्सन, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी लोकांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला पत्र वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. धडे त्यातून निघाले. तुझ्या वर्गात येणाऱ्या आजीबाईंना काय हवंय, हे तू विचारलंस का? हे विचारण्यात तुझं मन रमत असेल तर सोशल वर्क तुझं आहे. नुसतं भाषण द्यायला आवडत असेल तर अजून थोडं थांबून ठरव.

आणि बाबा, येत्या शनिवारी तिला सोडून परतू नका. वर्ग संपेपर्यंत मागच्या बाकावर बसा. कॉलेजांच्या यादीचं त्यानंतर पाहू; त्याबद्दलचं पत्र मात्र मला तिलाच लिहू द्या.