पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय भाडं कापू नका

प्रश्न : आमची तीन मजली पागडीची जुनी इमारत, 14 भाडेकरू. जिना लाकडी, त्याच्याखाली मीटर आणि तिथेच दुकानाचे पुठ्ठ्याचे गठ्ठे. चार महिन्यांपूर्वी मालकाच्या नावाने अग्निशमन दलाची नोटीस आली, पण मालक फिरकत नाहीत. आम्हीच वायरिंग बदलून खर्च भाड्यातून कापला तर चालेल का? दोघांनी कापायला सुरुवातही केली आहे.

उत्तर : अशी पत्रं वरचेवर येतात आणि जवळपास सगळ्यांत एकच कागद नसतो, मालकाला दिलेली लेखी नोटीस. तुमच्याकडेही तो दिसत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. करारात उलट काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून करार आधी वाचा. नोटीस बजावल्यापासून 15 दिवसांत मालक हलला नाही, तरच तुम्ही काम करून पैसे वळते करू शकता. तेही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. महिना 300 रुपये भाडं असेल तर वर्षाला 900. उरलेला खर्च पुढच्या वर्षी कापण्यावर वाद होईल, तो गृहीत धरू नका.

नोटीस न देता कापलेली रक्कम थकबाकी ठरू शकते. मालकाने कलम 15 खाली मागणीची नोटीस दिली आणि 90 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर घर खाली करून घेण्याच्या दाव्याला वाट मिळते. त्या दोघांना कापलेले पैसे आजच भरायला सांगा. नोटीस सगळ्यांच्या सह्यांनी, भाडेपावतीवरच्या पत्त्यावर टपालाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

नोटिशीत 'वायरिंग खराब आहे' एवढंच लिहून भागणार नाही. परवानाधारक वीज ठेकेदाराकडून मेगर चाचणीचा, म्हणजे वायरच्या आवरणातून करंट गळतो का हे तपासणाऱ्या चाचणीचा, अहवाल घ्या. इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरणाची करंट अडवण्याची ताकद, 1 मेगओहमच्या खाली असेल तर आकडा लिहा. मीटरपुढच्या मेन स्विचच्या स्क्रूभोवती वायरचं आवरण तपकिरी, कडक होऊन तडकलेलं असेल तर जवळून फोटो काढा. सैल स्क्रूपाशी वायर तापते, पण करंट वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली असेल तर तीही नोंदवा. मीटरचं सील मात्र तोडू नका, तिथलं काम वीज कंपनीचं.

अग्निशमन दलाची नोटीस मालकाच्या नावाने होती म्हणून चार महिने बाजूला ठेवलीत, हे फार चुकलं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 च्या कलम 6 ची नोटीस भोगवटादारालाही, म्हणजे जागा वापरणाऱ्यालाही, काढता येते आणि धोका तातडीचा वाटला तर कलम 8 खाली इमारत रिकामी करून घेता येते. तुमचं लेखी उत्तर या आठवड्यात जायला हवं, केलेल्या कामांच्या फोटोंसह.

जिन्याखालचे गठ्ठे हलवायला कोर्टाचा हुकूम लागत नाही! खाली पेटलं की धूर जिन्यातून चिमणीसारखा वर चढतो आणि तुमची एकमेव वाट बंद होते. गच्चीचं कुलूप काढा, जिन्यात गाडी चार्जिंगला लावू देऊ नका, मीटरजवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक टांगा.

मालकाने काम अडवलं तर मनाई हुकूम मागता येईल. तो किती लवकर मिळेल याची खात्री मी देणार नाही, तारखांवर तारखा पडतात. इमारत मुंबईत आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) असेल, तर जिन्याच्या लाकडासाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे वेगळा अर्ज करा.