कृष्णेवरील जुने पूल दुरुस्त करावेत की नवे बांधावेत?

सांगली परिसरातील महामार्गांवरच्या जुन्या पुलांबद्दल आपण विचारले आहे. माझ्या मते हा निर्णय पाण्याखालच्या पायाची तपासणी करूनच व्हावा, कारण पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे करून तळाची वाळू उकरते आणि वरचा रस्ता मात्र धडधाकट दिसत राहतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहतूक चालू असतानाच वाहून गेला. पाया उघडा पडला असल्यास डागडुजीवर पैसा न घालता शेजारी नवा पूल उभारावा आणि तोवर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या जुन्यावरून बंद ठेवाव्यात.

सांगलीतील कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल मात्र हलक्या वाहतुकीसाठी जपावा; सांगलीकर आजही पुराची पातळी त्याच पुलापाशी फुटांत मोजतात, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. नव्या पुलाच्या जोडरस्त्याचा भराव पुराला अडवणार नाही, इतक्या मोऱ्या त्यात हव्यातच.