मॅटर्निटी लीव्हवर असताना दुसरीकडे काम घेतलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की २६ आठवड्यांची पगारी रजा चालू आहे, दुसऱ्या कंपनीचं घरून करायचं काम आलंय, घेऊ का? माझं उत्तर: रजा संपेपर्यंत घेऊ नका.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम १८ अगदी थेट होतं. मंजूर रजेच्या काळात बाई दुसऱ्या आस्थापनेत कामाला गेली, तर तेवढ्या काळाच्या मातृत्व लाभावरचा (म्हणजे रजेच्या पगारावरचा) हक्क जातो. नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहेच. प्रसूतीनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत तर काम करायलाच मनाई आहे. पैसे ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेतून) मिळत असतील तर तिथेही मोबदल्याचं काम करायचं नाही, हीच अट.

आता कपाटातून तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा. बहुतेक पत्रांत ‘पूर्वपरवानगीशिवाय अन्य नोकरी वा व्यवसाय करता येणार नाही’ असं एक वाक्य असतं. रजेवर असलात तरी नोकरी चालूच असते, त्यामुळे ते तुम्हाला लागू आहे. शिवाय नवीन कंपनीने पीएफ भरला की तो तुमच्या त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) दिसतो.

शिकवणी, अनुवाद असं स्वतःचं छोटं काम असेल तर एचआरला ईमेलवर विचारा आणि होकार लेखीच घ्या. फोनवरच्या ‘हो चालेल’वर विसंबू नका.

पैशांची ओढाताण असेल तर आधी पगाराची स्लिप तपासा, रजेचा पगार पूर्ण येतोय ना? माझ्या बहिणीला दोन महिने कमी मिळत होता. तिने लेखी तक्रार केल्यावर फरक मिळाला.