स्तुती ओठांवर येत नसेल तर?

प्रश्न : ताई, माझे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहेत. जहाजांवर हल्ले होतात अशा पट्ट्यातून सध्या त्यांचं जहाज जातंय. सहा दिवस फोन नाही. प्रार्थनेला येणाऱ्या बायका म्हणतात, ‘देवाची काहीतरी योजना असेल, तू स्तुती कर.’ मी गायला तोंड उघडते आणि रडू फुटतं. खोटं खोटं गायचं का? की माझाच विश्वास कमी पडतोय?
– एक भगिनी

उत्तर : रडू फुटतं ना? मग खोटं काय आहे त्यात? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र काढून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटाला उजेडाची एक ओळ नाही. तरी त्याला पुस्तकातून कुणी काढून टाकलेलं नाही.

मी बरीच वर्षं नर्स होते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्यांना ‘धीर धरा’ म्हणायची जिभेला सवयच झाली होती. मग एका रात्री माझाच मुलगा आत होता. ओळखीच्या एक बाई आल्या, हात धरून म्हणाल्या, ‘हालेलुया म्हण, सगळं देवाच्या इच्छेनं चाललंय.’ मी हात सोडवून घेतला. जरा जोरातच. आत जाऊन सलाईनचे थेंब मोजत बसले, घड्याळ लावून, मिनिटाला किती. जुनी सवय. मोजता मोजता केव्हातरी आकड्यांच्या जागी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र सुरू झालं, थेंबाला एक शब्द. पुढचं ‘मला काही उणे पडणार नाही’ काही केल्या येईना. पहाटेपर्यंत तेच चार शब्द. आज मी त्याला स्तुती म्हणते. त्या रात्री कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

बायकांचा रोख बहुतेक बायबलमधल्या रोमकरांस पत्र 8:28 या ओवीकडे असावा. त्यात सगळं चांगलंच असतं असं म्हटलेलं नाही. देव सगळ्यातून कल्याण घडवतो, एवढंच आहे. हल्ला हा हल्लाच. त्याबद्दल आभार मानायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

यजमान समुद्रावर आहेत, तर बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 काढा. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज वादळात सापडलंय. लिहिणारा जहाजावरच आहे, ‘आम्ही’ म्हणून लिहितो. आणि लपवत नाही : कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, वाचायची आशाच सुटली. मध्यरात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात, 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). थोडं पुढे, 15. खडकावर आपटू या धास्तीनं मागच्या बाजूनं चार नांगर सोडतात. उजाडायला लागतं तेव्हा पौल 14 दिवस उपाशी असलेल्या लोकांना जेवायला विनवतो, सगळ्यांसमोर भाकर घेऊन देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खाऊ लागतो. आभार भाकरीचे, वादळाचे नव्हेत. जहाज पुढे फुटलंच. 276 माणसं मात्र किनाऱ्याला लागली.

तुम्ही म्हणाल, सगळे वाचतील असं पौलाला देवदूतानं आधी सांगितलं होतं, मला कोण सांगणार? खरं आहे. त्याच पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात येशूच्या शिष्यांपैकी पेत्र तुरुंगातून सुटतो आणि याकोब तलवारीनं मारला जातो. असं का, ते तिथे लिहिलेलं नाही, आणि मीही सांगू शकणार नाही. म्हणून मला बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघे जवळचे वाटतात. राजाच्या मूर्तीला नमले नाहीत तर त्यांना आगीच्या भट्टीत टाकणार असतात. भट्टीसमोर उभे राहून राजाला म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. ‘नाही सोडवलं तरी’ हे देवाला ऐकवायलाही हरकत नाही.

गाणं सध्या राहू द्या. त्या बायकांना सांगा, तुम्ही गा, मी ऐकते. कंपनीच्या कार्यालयात रोज फोन करा, संकोच करू नका. आणि आज रात्री 27 वा अध्याय मोठ्यानं वाचा, पण 29 व्या ओवीपर्यंतच. चार नांगर टाकलेत आणि सगळे उजाडायची वाट बघतायत. तिथे थांबा आणि झोपायचा प्रयत्न करा.