घर दोघांचं, भाडं एकाच्या खात्यात

प्रश्न : ताई, आमचा फ्लॅट ह्यांच्या आणि माझ्या नावावर निम्मा-निम्मा आहे. हप्ते दोघांच्या पगारातून फेडले, कर्ज संपलं. आता भाडेकरू महिना 24,000 रुपये देतो, ते सगळे ह्यांच्या खात्यात येतात. हे म्हणतात, तुझा पगार कमी, तर पूर्ण भाडं तुझ्याच रिटर्नमध्ये दाखवू. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात किंवा कुणाला कर कमी बसतो, ह्याचा इथे संबंध नाही. भाडं मालकीमागे जातं. आपल्याकडे नवरा-बायकोचं रिटर्न वेगळंच असतं, आणि 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 26 प्रमाणे सहमालकांचे हिस्से ठरलेले असले की ज्याने-त्याने आपल्या हिश्श्याचं उत्पन्न दाखवायचं. 2025 च्या नव्या कायद्यानेही हा नियम ठेवला आहे.

तुमचाच हिशेब मांडते. वर्षाचं भाडं 2,88,000. घरपट्टी 12,000 भरली असं धरलं, तर उरले 2,76,000. त्यातून 30 टक्के, म्हणजे 82,800 वजा. राहिले 1,93,200, तुमचे 96,600 आणि त्यांचे तेवढेच. हे 30 टक्के दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नसला तरी मिळतात. उलट रंगकामाची कितीही बिलं जपली तरी ती वेगळी वजा होत नाहीत.

हप्ते तुमच्याही पगारातून गेलेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. सगळे पैसे नवऱ्याचे आणि बायकोचं नुसतं नाव, असं असेल तर तिच्या हिश्श्याचं भाडंही त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणून ती जुनी पासबुकं टाकू नका.

यापुढे निम्मं भाडं तुमच्या खात्यात येऊ द्या. कायदा तसं मागत नाही, पण ज्या पैशावर तुम्ही कर भरणार तो तुमच्या हाती असावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि भाडेकरूला दोघांचेही पॅन द्या. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याच्या भाडेकरूने घरभाडे भत्त्यासाठी ऑफिसात एकट्या नवऱ्याचा पॅन दिला होता. पुढे नवऱ्याच्या रिटर्नमध्ये निम्मंच भाडं कसं, ह्याचा खुलासा करताना दोघांची पुरती दमछाक झाली. रिटर्नमध्ये सहमालकाचं नाव, पॅन आणि हिश्श्याची टक्केवारी विचारतात. ते रकाने दोघांनीही भरा, आणि आकडे एकमेकांशी जुळवून मगच पाठवा.