तुरुंग माझा नाही, पण हरकत माझी आहे

प्रश्न : आमच्या शहरात खाडीकाठी ब्रिटिशांच्या काळातला तुरुंग बंद पडून आहे. त्याच्या भिंतीबाहेरच्या काठावर लोक फिरतात, काही जण जाळी वाळवतात. ही सगळी जागा खासगी गृहसंकुलाला देण्यासाठी विकास आराखड्यात फेरबदल करण्याची सूचना 12 दिवसांपूर्वी निघाली. माझी तिथे इंचभरही जमीन नाही. मला काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते याच महिन्यात करायला हवं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार फेरबदलावर कोणालाही हरकत घेता येते. त्यासाठी सातबारा लागत नाही. मुदत सूचनेपासून एक महिन्याची, म्हणजे तुमच्या हातात साधारण अडीच आठवडे उरलेत. माहिती अधिकारात कागद जरूर मागा, पण उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून त्याची वाट पाहत बसू नका. आधी लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि सुनावणी हवी असं त्यातच लिहा.

हरकतीत इमारत आणि काठ वेगळे मांडा. तुरुंग जुना आहे एवढ्यानं त्याला संरक्षण मिळत नाही. तो केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहे का, पालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर यादीत घेण्याची मागणी आजच करा. पाडकाम सुरू झाल्यावर ती मागणी फार दुबळी होते.

काठाची बाजू मला जास्त भक्कम वाटते. भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, लागू होतात. तुमचा भाग सीआरझेड-2 मध्ये, म्हणजे किनाऱ्यापर्यंत आधीच बांधकाम झालेल्या शहरी पट्ट्यात असेल, तर आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच इमारत बांधता येते. विकासक इथे तुरुंगाच्याच भिंतीचा आधार घेईल, म्हणजे जी भिंत पाडायची तिच्याच जोरावर परवानगी मागेल. म्हणून भिंतीपासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा. जुन्या रस्त्याच्या पाण्याकडच्या बाजूला नवा रस्ता काढून त्याच्या आत इमारती उभारायलाही हा नियम मनाई करतो. नकाशात 'प्रोमेनेड' किंवा 'सर्व्हिस रोड' दिसला, तर त्यावर बोट ठेवा.

बियास नदीकाठची जमीन खासगी हॉटेलला दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तो भाडेपट्टाच रद्द केला (एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ, 1996). नदी, समुद्रकिनारा अशा गोष्टी सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतात, हे तत्त्व त्या निकालात आहे. तुमच्या खाडीलाही ते लावून मांडता येईल. त्याचा उल्लेख हरकतीत कराच.

फेरबदल मंजूर झाला तर उच्च न्यायालयात याचिका करता येते. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाच्या वादांसाठीचं न्यायाधिकरण) अपील 30 दिवसांत करावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. जाळी वाळवणाऱ्यांनाही सोबत घ्या, त्यांनी स्वतःच्या सहीची वेगळी हरकत द्यावी. किती वर्षं ते तो काठ वापरताहेत, हे त्यांच्याइतकं नेमकं तुम्हाला किंवा मला लिहिता येणार नाही.