बार्बेक्यूचं ग्रिल दरवेळी धुऊनही पावसाळ्यात गंजतं, काय करावं?

जाळी तुम्ही साबणाने नीट धुता, तरी ती लाल होते आणि खालच्या डब्याचे पापुद्रे सुटतात, असं लिहिलंय. धुण्यात कसर नाही. घात राखेने केलाय.

आम्ही चांदूर रेल्वेकडचे. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी ग्रिल करून घेतलं होतं. भरताची वांगी, कांदे, कोंबडी, सगळं त्यावरच भाजतो. पहिल्या वर्षी राख तशीच ठेवून वरून ताडपत्री गच्च बांधली. पोळ्याला सोडली, तर तळाला बोट जाईल एवढं भोक! राख हवेतला ओलावा धरते. तिच्यातले क्षार आणि मसाल्यातून गळलेलं मीठ त्यात विरघळतं, नि तो खारा ओलावा महिनोन्‌महिने लोखंडाला चिकटून बसतो. म्हणून निखारे पुरते विझले की दुसऱ्या दिवशी सकाळी राख काढाच.

जाळी गरम असतानाच अर्धा कांदा सांडशीत धरून घासा. तारेचा ब्रश मात्र नको. त्याची तुटलेली तार अन्नातून पोटात जाऊन लोकांना इजा झालेली आहे. जाळी धुतलीच, तर लगेच निखाऱ्यावर ठेवून कोरडी करा.

मग तेल. आपल्या विदर्भात जवस होतो, घाणीवरचं तेल मिळतं, तेच घ्या. उष्णतेने ते सुकून लोखंडावर कडक थर धरतं. शेंगदाण्याचं तेल तसं बसत नाही. फडक्याने लावा आणि पुन्हा पुसून घ्या, जणू लावलंच नव्हतं. जाड राहिलं तर चिकट होतं. धूर थांबेपर्यंत तापवा, असं दोन-तीनदा. रंगाच्या दुकानातलं अळशीचं (म्हणजे जवसाचंच) तेल चुकूनही नको, त्यात सुकवणारी रसायनं घातलेली असतात.

आधीचा गंज चिंचेच्या कोळाने नि पॉलिश पेपरने निघेल. पण जाळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असेल तर ती भाजायला वापरूच नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, निखारे त्याहून तापतात, आणि तो धूर छातीला वाईट.

मृग लागायच्या आधी आम्ही जाळी तेल लावून चुलीच्या वर आढ्याला टांगतो. डबा गोठ्यात, विटांवर पालथा. ताडपत्री नाही.